पट्टायाहून आणलेलं घर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या मुलाने आणि सुनेने मला थायलंडला पाठवायचं ठरवून टाकलं. विचारलं नाही, कळवलं. तिकिटं काढून झाली आहेत. आठ तारखेला निघायचं, चौदाला परत. कल्याणच्या एका पर्यटनवाल्यांचा गट आहे. तीस माणसं, आणि वरणभात रांधणारा आचारी बरोबर.

"आई, साठी उलटली तुझी. एकदा समुद्र बघून ये," विनीत म्हणाला.

"समुद्र मी दापोलीला बघितलाय."

"तो ओळखीचा झाला. आता अनोळखी बघ."

उत्तर बरं होतं. मुलगा माझाच आहे.

खरी बातमी पुढेच. सोबतीला सगुणाबाई आहेत, सून कृतिकाची आई, म्हणजे माझी विहीण. नवरात्रापासून त्या आमच्या वर्तकनगरच्या घरात आलेल्या नाहीत, आणि मी त्यांच्या आंबिवलीजवळच्या गावात गेलेले नाही. कारण माझं भाषण. गावच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. श्रद्धा आणि शेती असा विषय होता. बोलता बोलता मी तिथल्या शेंदूर फासलेल्या धोंड्याचा दाखला दिला. म्हटलं, "पिढ्यान्‌पिढ्या ज्याला तुम्ही कोंबडं दिलंत, त्या राखणदाराने तुमची जमीन राखली का? आज तिथे वीस मजले उभे आहेत आणि तो कचऱ्याच्या डब्यांशेजारी बसलाय!" तरुणांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाई पहिल्या रांगेतून उठून गेल्या. मला वाटलं, जेवणाची व्यवस्था बघायला गेल्या असतील. नंतर कळलं, रागावल्या.

खरं बोलल्याबद्दल माफी मागायची नसते. हे मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं आणि निवृत्तीनंतर व्यासपीठावरून सांगतेय.

पण कृतिकाला सातवा लागलाय. तेवीस तारखेला, रविवारी, डोहाळजेवण आहे, आणि सगुणाबाईंचा निरोप आलाय की ओटीचं सामान पाठवते, मी येत नाही. संध्याकाळी मेथी निवडताना कृतिका म्हणाली, "आई, तिकडनं माझ्यासाठी काही आणू नका. तुम्ही दोघी बोलत परत आलात तरी पुरे." एवढं बोलून ती भाजी धुवायला वळली. डोळे पुसले की नाक, ते दिसलं नाही.

काही आणू नका, हे मला सांगायची गरजच नव्हती. 'भेटवस्तू नावाची लाच' हे माझं व्याख्यान ठाण्यापासून बदलापूरपर्यंत अकरा ठिकाणी झालंय. परदेशी जाऊन किल्ल्यांच्या साखळ्या वाटणारा माणूस जगाला एवढंच सांगत असतो, की मी गेलो आणि तुम्ही राहिलात. मी रिकाम्या हाताने जाईन आणि रिकाम्या हाताने येईन.

मुलांनी हे सगळं का केलं, तेही माझ्या लगेच लक्षात आलं. सगुणाबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांना जाणतं माणूस बरोबर हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार. विमानात

माझी एक बॅग. तिच्यात चार साड्या, दोन पंजाबी ड्रेस आणि पाच पुस्तकं. सगुणाबाईंच्या दोन बॅगा, दोन्ही जवळजवळ रिकाम्या, एकात एक घातलेल्या. सोडायला आलेले गोपीनाथराव, म्हणजे त्यांचे यजमान, मला हात जोडून म्हणाले, "सांबाळा." कोणी कोणाला सांभाळायचं, ते स्पष्ट केलं नाही.

दोन तासांत आमचं संभाषण असं झालं:

"पाणी हवंय?"

"नको."

"खिडकी तुम्ही घ्या."

"चालंल."

विमान सुटल्यावर त्यांनी पिशवीतून शाळेची वही काढली. त्यात भावकीच्या एकतीस घरांची यादी आहे. कोणाच्या घरात किती पुरुष, कोण जाड, कोण बारीक, सगळं लिहिलेलं. मी पुस्तक उघडलं आणि त्या वहीत डोकावले नाही. एकदाच डोकावले.

९ फेब्रुवारी, रविवार. बँकॉक

इथला शनिवार-रविवारचा बाजार म्हणजे एक गावच आहे. हजारो गाळे, आणि प्रत्येक गाळ्यात हत्ती. हत्तीची पर्स, हत्तीची उशी, हत्तीचा साबण. या देशात खरे हत्ती कमी आणि कापडी जास्त असावेत.

मी तत्त्व म्हणून हात मागे बांधून चालत होते. सगुणाबाई मात्र कामावर आल्यासारख्या शिरल्या. बाम घ्यायचा तर प्रत्येक डबी उघडून नाकाशी. दुकानदार मुलगी म्हणाली, सगळ्या सारख्याच आहेत. सगुणाबाईंनी तिला आगरीत सांगितलं, "बाय, सारक्या हान तं तूच हुंग." ती हसली आणि खरंच हुंगायला लागली.

मग हत्तींचे शर्ट. त्यांच्या पुतण्याची, प्रफुल्लची हळद एप्रिलमध्ये आहे. त्यांच्याकडे हळदीला भावकीतले सगळे पुरुष एकाच कापडात नाचतात. एकतीस घरांतल्या लहानथोर पुरुषांसाठी एकच शर्ट शोधायचा होता. विक्रेत्याने कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून पुढे केला. सगुणाबाईंनी तो पुसला, आपला टाकला आणि यंत्र परत न देता पदराखाली धरून ठेवलं. त्याला सौदा करावाच लागला, कारण त्याला पुढच्या गिऱ्हाइकासाठी कॅल्क्युलेटर हवा होता.

मी न राहवून म्हटलं, "निदान प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वेगवेगळे घ्या. सगळ्यांना एकच वस्तू देणं म्हणजे भेट नव्हे, वाटप."

"वेगले घेतले तं उद्या म्हनतील, त्याला चांगला दिला, मना कोंडा दिला," त्या म्हणाल्या. "येकच दिला का भावकी येक राहते."

यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण बाजारात फार गोंगाट होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार. पट्टाया

काल बोटीवर सगळ्यांना मळमळलं. लिहिण्यासारखं काही नाही.

आज नाश्त्याला सगुणाबाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी म्हटलं, मला जमतं. तर म्हणाल्या, "मना पोरीनी सांगला, सासूचे गुडघे दुखतान, म्हून सोबत जा. नायतर मी कशाला येते?"

माझे गुडघे ठणठणीत आहेत. हा गैरसमज कृतिकाला कुठून झाला, ते घरी गेल्यावर विचारायला हवं.

दुपारी एकटीच किनाऱ्यावर फिरले. एका हातगाडीवर तान्ह्या बाळाचं झबलं होतं, मऊ सुती, पिवळं. थाई विणकामाचा नमुना म्हणून एक घेतलं. ही भेटवस्तू नव्हे, संदर्भसाहित्य आहे. मापाने सहा महिन्यांचं आहे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत बसेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पट्टाया

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

आमच्या हॉटेलच्या अंगणात, भिंतीपासून दूर, चौथऱ्यावर एक लहानसं घर आहे. उतरतं लाल छप्पर, सोनेरी कड, पुढे पडवी. पडवीत झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली, चक्क नळी घातलेली. सकाळी बस यायला उशीर होता आणि गटातले लोक त्याचे फोटो काढत होते. मी त्यांना थांबवलं आणि समजावून सांगितलं, की हे बुद्धाचं देवघर आहे. ज्याने माणसाला प्रश्न विचारायला शिकवलं, त्याला आपण सरबत पाजायला लागलो! आज इथे पौर्णिमेचा मोठा सण, त्यामुळे विषय आपोआप रंगला. सात-आठ मिनिटं बोलले. लोक ऐकत होते.

सगुणाबाई मागून म्हणाल्या, "देव नाय यो. जागेवाला हाय."

आमची थाई वाटाड्या नोक, ती पर्यटकांकडून शिकलेलं हिंदी बोलते. तिने टाळी वाजवली. "हां माताजी, सही! बुद्ध नहीं. ये जमीन का मालिक. हम होटल बनाया, उसका जगह लिया, तो उसको घर देना पडता."

सगुणाबाईंनी वर हॉटेलकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "इचारा तिला, होटलाची सावली परते का त्याच्यावर?"

मी विचारलं. नोक गंभीर झाली. "नहीं नहीं. छाया गिरना मना है. उसका घर धूप में चाहिए."

सगळे बसमध्ये चढले. सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, आज मी नाय येत. त्यांना परक्या देशात एकटं सोडणं बरं नव्हतं, म्हणून मीही थांबले. अंगणातल्या बाकावर बसलो. बस गेल्यावर त्या बोलल्या.

"विहीनबाय, त्या दिशी मी उठले ती रागानी नाय."

"मग?"

"तुमी बोलला ती जागा आमचीच. भाताचा शेत, बांधावर चिच, चिचेखाली तो. मी लगीन होऊन आले तवा सासूनी मना आदी त्याच्याकरं नेला, मंग चुलीकरं. पस्तीस वर्सं मी निवद दाकवला. तुमी त्याला धोंडा म्हनलात, म्हना. धोंडाच हाय. पन सगल्या गावापुढं म्हनलात, त्यानी जमीन राखली नाय. त्याचा काय दोस हो? त्यानी राखली व्हती. इकली आमी. कागदावर माझी पन सही हाय. आमच्या वाट्याची बोलनी त्यानी खाल्ली. मना तिथं बसवला नाय."

मला ती जागा त्यांची आहे हे माहीत नव्हतं. भाषणाआधी मी कोणाला विचारलंही नव्हतं. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, की दाखला देताना आधी मूळ तपासा.

एरवी कोणत्याही विषयावर माझ्याकडे पाच संदर्भ असतात. आज मी म्हटलं, "चहा घ्याल?"

"घेन," त्या म्हणाल्या. "साकर कमी."

१३ फेब्रुवारी, गुरुवार. पट्टाया

सगुणाबाईंना तसं घर हवंय. आंबिवलीला न्यायला.

नोकने रस्त्याकडेचं एक दुकान दाखवलं. सिमेंटची घरं, लाकडी घरं, ओळीने पन्नास. मी बाहेर उभी राहिले. ज्या बाईने अंधश्रद्धेविरुद्ध वीस वर्षं घसा कोरडा केला, तिने या दुकानात पाऊल ठेवणं शक्यच नव्हतं. पुढे ऊन फार झालं, म्हणून आत गेले.

घर ठरलं होतं, लाकडाचं, लाल छपराचं, भाग सुटे होणारं. प्रश्न आत राहणाऱ्यांचा होता. या घरासोबत बोटाएवढ्या मूर्ती मिळतात: एक म्हातारा, एक म्हातारी, नोकरचाकर, नर्तकी, हत्ती, घोडे. दुकानदारीण प्रत्येक टोपली ओतत होती आणि सगुणाबाई निवडत होत्या.

"नाचनाऱ्या नको. घरात म्हातारी हाय, तिला आवरनार नाय." नर्तकी बाजूला. "हत्ती नको. आमच्या चिखलात हत्ती काय करंल? बैल हाय का इचारा."

बैल नव्हते. शेवटच्या टोपलीच्या तळाशी एक रेडा मिळाला, एक शिंग तुटलेलं. तो त्यांनी लगेच पदरात घेतला.

मग म्हातारा-म्हातारी. तीस जोड्या मांडल्या असतील. म्हातारा लवकर ठरला. तो त्यांच्या चुलतसासऱ्यांसारखा, धाकूबावांसारखा दिसत होता, तोच खालचा ओठ. म्हातारीवर एकमत होईना. त्यांनी उचलली ती मला पसंत नव्हती.

"ही खाष्ट दिसते," मी म्हटलं.

"असू दे. घर नीट राखंल."

"अहो, जन्मभर तिच्याबरोबर राहायचंय त्याला! ही घ्या, हिच्या चेहऱ्यावर समजूत आहे."

सगुणाबाईंनी दोन्ही हातांवर दोन म्हाताऱ्या धरून पाहिल्या. "समजूत हाय खरी," म्हणाल्या. "खाष्ट येक बाहेर हायच." आणि माझ्याकडे न बघता माझी म्हातारी घेतली. दुकानदारीण का हसली कोण जाणे. तिला मराठी येत नाही.

वजन केलं. नऊ किलो. सगुणाबाईंच्या बॅगा शर्टांनी फुटायला आल्या आहेत. त्यांनी घरावरून एकदा हात फिरवला आणि खाली ठेवलं. "र्‍हाऊ द्या. नाय मावत."

तेव्हा मी म्हटलं, "माझी बॅग अर्धी रिकामी आहे."

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. लोकसंस्कृतीचा एक नमुना म्हणून, अभ्यासाच्या दृष्टीने, मी ते घर नेत आहे. बॅगेत बसावं म्हणून पाचही पुस्तकं काढून कापडी पिशवीत घातली आणि ती खांद्याला लावली. संध्याकाळी बँकॉकला येईपर्यंत गुडघे थोडे दुखले. थोडेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. वर्तकनगर

मुंबईला सामान तपासणाऱ्याने माझीच बॅग बाजूला काढली.

"मॅडम, यह क्या है?"

"घर."

तो मराठी निघाला. "कसलं घर?"

मी तोंड उघडलं होतं. या विषयावर मला बरंच सांगता आलं असतं. पण सगुणाबाई मध्येच म्हणाल्या, "सायेब, म्हाताऱ्याचा हाय. त्याची जागा गेली."

त्याने छप्पर जपून परत आत ठेवलं. "जा, आजी. नीट न्या."

विमानतळावर विनीत आला होता. गाडीत आम्ही रेड्याला अंगणात कुठे उभं करायचं यावर वाद घालत होतो. ठाणं येईपर्यंत तो आरशातून आमच्याकडेच बघत होता. तिथून सगुणाबाई गोपीनाथरावांबरोबर गावी गेल्या, लाकडी घर माझ्याच बॅगेत राहिलं. वर्तकनगरला पोचल्यावर विनीत कृतिकाला बाजूला नेऊन काहीतरी सांगत होता. थकला असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी विनीतबरोबर आंबिवलीला गेले होते. सगुणाबाईंचा फोन आला, "घर तुमच्या बॅगेतून आला, तुमीच काढून द्या." नाही कसं म्हणणार?

ज्या शेतावर वीस मजले उभे आहेत, तिथे सगुणाबाईंच्या कुटुंबाचे चार फ्लॅट आहेत, पण त्या गावातल्या जुन्या घरातच राहतात. कालचा अख्खा दिवस गोपीनाथरावांनी सोसायटीच्या आवारात तासातासाला चुन्याची फक्की टाकून इमारतीची सावली आखली होती. माणूस कमी बोलतो, काम चोख करतो. सगळ्या रेघांच्या बाहेर उरलेला, दिवसभर ऊन मिळणारा एकच तुकडा होता, फाटकाजवळचा. आणि तिथे पाटी होती: पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखीव.

सोसायटीचे अध्यक्ष खाली आले. सभ्य गृहस्थ, हातात नियमांची फाइल. "काकू, भावना समजतात हो. पण सर्वसाधारण सभेचा ठराव नाही. आज हे बसवलं, उद्या कोणी तुळस आणेल, परवा कबुतरांची पेटी. आणि एका गाडीची जागा जातेय."

नवरात्रात उठून जाण्याआधी माझ्या भाषणात बसल्या होत्या, तशाच सगुणाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. ते मला बघवलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, ती गाडी कोणाची?"

"पाहुण्यांची."

"म्हणजे इथे पाहुण्याच्या गाडीला जागा आहे. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यांना फिरायला जागा आहे, ती पाटी मी येताना वाचली. पावसात पोहता येणार नाही अशा तलावाला जागा आहे. आणि आपण सगळे ज्याच्या जमिनीवर पाहुणे आहोत, तो कुठे आहे? चला, दाखवते कुठे आहे!"

आणि मी त्यांना कचऱ्याच्या डब्यांकडे घेऊन गेले.

पुढे किती वेळ बोलले ते माहीत नाही. विनीत म्हणतो, बावीस मिनिटं. ज्या जाहिरातीत हिरवाईच्या कुशीतलं घर म्हटलं होतं, ती हिरवाई कोणाच्या हाताने लावली होती, ते बोलले. नांगर, पेरणी, लावणी, झोडणी, सगळं बोलले. माणसाने जमीन विकली म्हणजे तिची आठवण विकली का, हेही बोलले. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. कोणीतरी सातव्या मजल्यावरून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तात्पुरतं ठेवा." हाउसिंग सोसायटीत तात्पुरतं ठेवलेलं कधीच हलत नाही, हे मला वर्तकनगरचा तीस वर्षांचा अनुभव सांगतो.

पुन्हा नोंदवून ठेवते, की माझ्या विचारांत तसूभरही बदल झालेला नाही. आज मी श्रद्धेच्या बाजूने बोलले नाही. मी इतिहासाच्या बाजूने बोलले.

गोपीनाथरावांनी धोंडा स्वच्छ धुऊन त्या घरात बसवला. सगुणाबाईंनी पडवीत म्हातारा-म्हातारी ठेवली, रेड्याला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं. खोबरं वाटलं. मी घेतलं.

निघताना गोपीनाथराव म्हणाले, "मागल्या भाषनापेक्षा यो बरा झाला."

मी सगुणाबाईंकडे वळले. दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पट्टायापासून. "सगुणाबाई, त्या दिवशी मी जे बोलले, ते आधी तुम्हाला विचारून बोलायला हवं होतं."

"व्हतं," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरची फक्की झटकत म्हणाल्या, "तेवीसला जेवनात काय करतान?"

"पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. सगळं ठरलंय."

"पुरन नको. पोरीला पित्त व्हता."

"आचाऱ्याला सांगून झालंय."

"मंग परत सांगा."

त्या तेवीसला येणार की नाही, हे अजूनही स्पष्ट झालेलं नाही. कृतिकाला काय सांगावं कळेना. तिला नुसतं संभाषण सांगितलं, तर ती हसत सुटली आणि मग रडायला लागली. सातव्या महिन्यात असं होतं म्हणतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात. कार्यक्रम दुपारी चारला. पावणेसातला बेल वाजली. दारात सगुणाबाई, मागे दोन मोठ्या टोपल्या घेऊन गोपीनाथराव.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"तुमचा भाषन सुरू व्हायच्या आदी रांधून झाला पायजे." चपला काढून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पाच महिन्यांनी आल्या, तरी तांदळाचा डबा कुठे असतो ते त्यांना विचारावं लागलं नाही.

कृतिका खोलीतून बाहेर आली. "मम्मी," म्हणाली आणि दारातच उभी राहिली. सगुणाबाईंनी हात पदराला पुसले. मी इथे टेबलाशी येऊन लिहायला बसले, कारण तिथे त्या वेळी माझं काही काम नव्हतं. आता आतून भांड्यांचा आवाज येतोय.

आजच्यासाठी मातृत्वावर चार पानी टिपण काढून ठेवलंय. त्यातलं पहिलं वाक्य अजून

"विहीनबाय! लिवता कवरा? नारल कोन फोरंल?"

आले.